उत्तर नेमके कोण देते?

मुंबईच्या हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकाचे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रुळांपलीकडील शिवाजीनगर, बैंगनवाडी यांसारख्या दाट वस्त्या आणि १९२७ पासून रचला जात असलेला देवनारचा कचऱ्याचा डोंगर उभा राहतो. याच स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर देशातील दोन नामवंत अभ्याससंस्था आहेत, हे मात्र मुंबईकरांनाही चटकन आठवत नाही. एक म्हणजे १९३६ मध्ये स्थापन झालेली आणि १९५४ पासून देवनार येथे असलेली टाटा समाजविज्ञान संस्था. दुसरी म्हणजे १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा न्यास, भारत सरकार व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या सहकार्याने सुरू झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. पहिली संस्था माणूस समाजात कसा वागतो हे पाहते, तर दुसरी अशी माणसे किती आहेत, कशी जगतात आणि काय मानतात हे मोजते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या नावाने १९९२-९३ पासून जे देशव्यापी सर्वेक्षण होत आले, त्याच्या पहिल्या पाचही फेऱ्यांचे सूत्रसंचालन गोवंडीच्या या दुसऱ्या संस्थेने केले. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांना भेटी देण्यात आल्या आणि ७,२४,११५ स्त्रिया व १,०१,८३९ पुरुष यांच्या मुलाखती झाल्या. हे आकडे वाचताना सहसा असे वाटते की, एवढ्या माणसांना विचारले, त्यांनी सांगितले आणि कुणीतरी ते लिहून घेतले. हिशेब इतका सरळ नाही. उंबरठ्यावर उभी असलेली मुलाखतकार प्रश्न एका व्यक्तीला विचारते. उत्तर मात्र पुष्कळदा त्या व्यक्तीच्या आतील सून देते, घरचा कर्ता देतो किंवा ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती असलेली सासू देते.

पहिल्याच प्रश्नापासून याची प्रचिती येते. कुटुंबप्रमुख कोण? या प्रश्नासाठी वय, कमाई किंवा घराची मालकी यांपैकी कोणतीही कसोटी लावलेली नाही. कुटुंबातील माणसे ज्याला प्रमुख मानतात तो प्रमुख, अशीच व्याख्या आहे. खाट धरून असलेले वडील प्रमुख म्हणून सांगितले जातात आणि ज्या सुनेच्या पगारावर घर चालते तिचे नाव तिसऱ्या-चौथ्या ओळीत येते. यात कुणी खोटे बोलत नाही. विचारलेले होते ते मान्यतेविषयी, आणि मान्यता भूमिकेला असते. पाचव्या फेरीत सुमारे १८ टक्के कुटुंबांनी प्रमुख म्हणून स्त्रीचे नाव सांगितले. या घरांत स्त्रीचा अधिकार खरोखर मोठा आहे, की घरात सांगण्याजोगा पुरुष उरलेला नाही, हे केवळ या आकड्यावरून ठरवणे धाडसाचे होईल.

त्यानंतरचा प्रश्न कामाचा. ‘आपण काय करता?’ यावर आपल्याकडील असंख्य स्त्रियांचे उत्तर ठरलेले आहे : ‘काही नाही, घरीच असते.’ पहाटे साडेपाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, मुलांचा अभ्यास घेणारी, सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळणारी आणि दुपारी दुकानाच्या गादीवर दोन तास बसणारी स्त्रीसुद्धा ‘काही नाही’ म्हणते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. त्यानुसार घरातील माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते आणि त्या या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. पुरुषांपैकी २६.१ टक्के घरकाम करत होते आणि तेही सरासरी ९७ मिनिटे. या मासिकाच्या वाचकांना ४८ मिनिटांच्या एका सामायिकाचे मोजमाप नीट ठाऊक आहे. त्या मापाने ‘काही नाही’ याचा अर्थ रोज सहा सामायिकांहून अधिक वेळ असा होतो. वजाबाकी-बेरीज करणाऱ्या माणसाला हा शून्य पचणे कठीण आहे.

आश्चर्य असे की, हाच शून्य शासनाच्या वहीतही दीर्घकाळ होता. १९९१ च्या जनगणनेत प्रथमच शेतातील किंवा कौटुंबिक व्यवसायातील विनामोबदला काम हेही ‘काम’ समजावे असे प्रश्नातच स्पष्टपणे नमूद केले गेले. शेतकऱ्याची पत्नी आणि दुकानदाराची पत्नी यांना त्यामुळे निदान तत्त्वतः वहीत जागा मिळाली. स्वयंपाकघर बाहेरच राहिले. २००१ च्या जनगणनेत गृहिणींची गणना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात करण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात या वर्गीकरणावर तीव्र नापसंती नोंदवली.

भरपाईच्या खटल्यांचा हा धागा लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे, कारण येथे भूमिकेची किंमत रुपयांत मांडावी लागते. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी कारखान्याच्या संस्थापकदिनाच्या समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. गृहिणींच्या मृत्यूची भरपाई कशी ठरवायची, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. त्या तर कमावत नव्हत्या! सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ३४ ते ५९ वयोगटातील गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. पुढे ५ जानेवारी २०२१ रोजीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने वेळेच्या वापराच्या वरील सर्वेक्षणाचाच आधार घेतला आणि २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच आपले मुख्य काम असे सुमारे १५.९८ कोटी स्त्रियांनी सांगितले, तर पुरुषांची संख्या सुमारे ५७.९ लाख होती, याकडे लक्ष वेधले. गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न ठरवणे म्हणजे तिच्या श्रमांची दखल घेणे होय, असा त्या निकालाचा आशय होता. जिवंतपणी जी स्वतःला ‘काही नाही’ म्हणवून घेते, तिचे श्रम तिच्या मृत्यूनंतर न्यायाधीशांना आकडेमोड करून शोधावे लागतात. याहून विषण्ण करणारा हिशेब क्वचितच असेल.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या लिज्जत पापडाच्या संस्थेत लाटणारी प्रत्येक स्त्री ‘बहीण’ म्हणून ओळखली जाते आणि ती संस्थेची सहमालक असते. पापड घरीच लाटले जातात, लाटणे तेच आणि हातही तेच. परंतु ज्या स्त्रीला सभासद-बहीण हे नाव आणि मालकीचा वाटा मिळाला, तिला ‘काय करता?’ या प्रश्नावर गप्प राहण्याचे कारण उरत नाही.

आता कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. पतीने पत्नीला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते, असे तेथे स्त्री व पुरुष दोघांनाही विचारले जाते. न सांगता बाहेर जाणे, घराकडे वा मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासू-सासऱ्यांचा अनादर अशी एकूण सात कारणे एकेक करून वाचून दाखवली जातात. पाचव्या फेरीत यांपैकी किमान एका कारणासाठी मारणे योग्य असे ४५ टक्के स्त्रियांनी सांगितले. पुरुषांचे प्रमाण ४४ टक्के होते. स्त्रियांनी सर्वाधिक मान्य केलेले कारण होते सासरच्या माणसांचा अनादर.

हे वाचून ‘बायकाच बायकांच्या वैरी’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. तसे करणाऱ्यांनी उत्तर देणारीच्या जागी क्षणभर बसून पाहावे. प्रश्न ऐकणारी स्त्री एकाच वेळी सून आहे, उद्याची सासू आहे आणि ‘चांगल्या घरची’ म्हणवून घेण्याची जबाबदारी तिच्यावर आहे. सासऱ्यांचा अनादर झाला तर काय करावे, हा प्रश्न तिच्या कानावर ‘तू चांगली सून आहेस का?’ असाच पडतो. ती जे सांगते ते तिचे मत आहे यात शंका नाही. पण हे मत तिच्या जागेने घडवलेले आहे, आणि जागा बदलली की मतही हलते. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत स्त्रियांमधील हेच प्रमाण ५२ टक्के होते. पाच-सहा वर्षांत ते सात टक्क्यांनी उतरले. त्याच काळात पुरुषांचे प्रमाण ४२ वरून ४४ वर गेले, हेही नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. शिक्षणाने, हाती आलेल्या मोबाइलने किंवा बचत गटाच्या बैठकीने बहुधा स्त्रीच्या भूमिकेत काही भर घातली. पुरुषाच्या भूमिकेला फारसे कुणी हात लावलेला दिसत नाही.

जागेने मत बदलते याचा अत्यंत स्वच्छ पुरावा एका कारखान्यातून मिळालेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सेमूर लिबरमन यांनी १९५१ मध्ये घरगुती उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यातील २,३५४ कामगारांची मते नोंदवून घेतली : व्यवस्थापन कसे आहे, संघटना कशी आहे, कामाचे दर कसे असावेत. पुढील वर्षभरात त्यांच्यापैकी २३ जणांना फोरमनपदी बढती मिळाली आणि ३५ जण कामगार संघटनेचे प्रतिनिधी झाले. पुन्हा विचारले तेव्हा फोरमन झालेले व्यवस्थापनाकडे झुकलेले आढळले आणि प्रतिनिधी संघटनेकडे. यात नवल नाही, असे कुणी म्हणेल. आधीपासून तसा कल असलेल्यांनाच तसे पद मिळाले असेल. परंतु नंतर मंदी आली आणि फोरमन झालेल्यांपैकी आठ जणांना पुन्हा साधे कामगार व्हावे लागले. त्यांची मते बहुतांशी पूर्वीच्या ठिकाणी परतली! १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांत ज्यांनी नोकरी केली, त्यांना हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. काल प्रवेशद्वाराशी घोषणा देणारा लिपिक अधिकारी होताच हजेरीपटावर लाल शाई कशी वापरू लागतो, हे प्रत्येक शाखेने पाहिले आहे. त्याला ढोंगी म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो दोन्ही वेळा प्रामाणिकच असतो.

मग माणसाचे स्वतःचे असे काही असते की नाही? सर्वेक्षणाच्या आखणीतच या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर दडलेले आहे. घरातील हिंसेविषयीचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारायचे, तेही पूर्ण एकांत असेल तरच, असा काटेकोर नियम आहे. एकांत मिळत नसेल तर ते प्रश्न विचारायचेच नाहीत. मुख्य कारण अर्थातच त्या स्त्रीची सुरक्षितता. पण ज्यांनी हा नियम केला त्यांना हेही ठाऊक होते की, सासू खोलीत असताना सून बोलते आणि सासू नसताना एक स्त्री बोलते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, अशा वस्तीत हा एकांत मिळवणे किती दुर्घट असेल याची कल्पना करावी. ज्यांच्याकडे चार खोल्या आहेत त्यांच्या घरीही तो मिळतोच असे मात्र समजू नये.

स्वतःकडे पाहण्याची संधी मिळाली की वागणे बदलते, याविषयीचा एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत तो प्रसिद्ध झाला. सणाच्या रात्री घरोघर गोळ्या-चॉकलेटे मागत फिरणाऱ्या ३६३ मुलांवर तो केला होता. मुलांना एकेकच गोळी घेण्यास सांगून यजमानीण आत निघून जाई. काही वेळा भांड्यामागे आरसा ठेवलेला असे. आरशासमोर मुलांनी कमी लबाडी केली, परंतु सगळ्यांनी नव्हे. ज्यांना आधी नाव आणि घराचा पत्ता विचारला होता त्यांच्यावरच आरशाचा परिणाम झाला. जी मुले निनावी राहिली त्यांना आरसा असून नसल्यासारखाच होता. आरशाआधी नाव लागते, हा या प्रयोगातील खरा शोध म्हणावा लागेल.

आपल्याकडे नावाचा इतिहास रोचक आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव कोरायचे आणि वीस-बावीस वर्षे जिला एका नावाने हाक मारली ती दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या नावाने ओळखली जायची. पुढे मूल झाले की ती ‘अमक्याची आई’ होते. प्रेमाने झालेल्या या गोष्टींवर टीका करण्याचे कारण नाही, परंतु बँकेच्या खिडकीवर त्यांचे काय होते ते सांगायला हवे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, मुदत ठेवीच्या पावतीवर तिसरेच. पती हयात असेपर्यंत कुणाचे अडत नाही. पती गेल्यावर मात्र ही तिन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे शपथपत्राने, राजपत्राने सिद्ध करत तिला महिनोन्महिने फिरावे लागते. ‘पैशांचे सगळे तेच पाहायचे’ असे सांगणाऱ्या विधवा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वाक्य किती महाग पडते ते ठाऊक असते. देशातील बँकांतील दावा न केलेल्या ठेवी मार्च २०२३ अखेर ४२,२७० कोटी रुपयांवर गेल्या होत्या आणि त्यांचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. अशा ठेवींमागे कारणे अनेक असतात. घरात एकालाच ठाऊक असणे आणि बाकीच्यांनी विचारणे अनुचित मानणे, हे त्यांतील एक.

या बाबतीत सर्वेक्षणातील एका शब्दाला दाद द्यावीशी वाटते. स्त्रीला ‘तुमचे बँकखाते आहे का’ एवढेच विचारत नाहीत. जे खाते तुम्ही स्वतः वापरता असे खाते आहे का, असे विचारतात. २०१५-१६ मध्ये ५३ टक्के स्त्रियांनी यावर होकार दिला होता, पाचव्या फेरीत ७८.६ टक्के स्त्रियांनी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेचा यात मोठा वाटा असणार. पण खाते उघडणे योजनेच्या हातात असते, ‘स्वतः’ हा शब्द नव्हे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या एका टक्क्यासाठी कितीतरी करारनाम्यांवर पत्नीचे नाव प्रथमच आले असेल. हेतू बचतीचा होता म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सहीपुरती मालकीण झालेली स्त्री कधीतरी सोसायटीच्या वार्षिक सभेत उभी राहून हिशेब विचारते, आणि मग घरातल्यांनाही तिचे ते रूप नवे असते.

अशा बदलांचा वेग किती असतो, याचा विचार टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रदीर्घ काळ संचालक राहिलेले माधव सदाशिव गोरे यांनी केला होता. दिल्ली व आसपासच्या अग्रवाल कुटुंबांचा त्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शहरात राहिल्याने आणि शिक्षणाने घरातील भूमिकांविषयीची मते काही प्रमाणात बदलतात, परंतु एकत्र कुटुंबाची चौकट सहजी मोडत नाही, असे त्यांना दिसले. व्यापारी घरांत वाढलेल्या वाचकांना ते आजही पटेल. तोंडाने आधुनिक बोलणारा मुलगा वडिलांसमोर पत्नीला नावाने हाक मारताना आवाज खाली घेतो, ते याच चौकटीमुळे.

भूमिका केवळ घरातच चिकटते असे नाही, वस्तीचे नावही माणसाला चिकटते. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडीचा समावेश असलेल्या एम पूर्व विभागाचा निर्देशांक अवघा ०.०५ होता, शहरात सर्वांत कमी. तेव्हापासून वर्तमानपत्रांत हा आकडा गोवंडीच्या नावाला जणू आडनावासारखा लागला. या भागातील अनेक जण पत्ता सांगताना देवनार किंवा चेंबूर म्हणतात. नोकरीच्या अर्जावर, मुलीच्या स्थळाच्या माहितीपत्रकावर, कर्जाच्या कागदावर पिनकोड तोच राहतो, नाव तेवढे सरकते. समोरचा आपल्याला कसा पाहत असेल याचा अंदाज घेऊन माणूस स्वतःला ओळखतो, असे चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये आरशाचीच उपमा वापरून मांडले होते. पत्ता बदलून सांगणाऱ्या तरुणाने कूली वाचलेले नसतात. त्याला मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया वाचता येतात. आणि त्या भुवया ज्यांच्या आहेत त्यांना आपण काही केले याची जाणीवही नसते, हे अधिक गंभीर आहे.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून देशाची पुढील जनगणना होणार आहे. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना प्रगणक येण्यापूर्वी घरबसल्या स्वतःच माहिती भरता येईल. तिला ‘स्वयंगणना’ असे नाव आहे. उंबरठ्यावर कुणी परका नसेल आणि उत्तर ऐकायला घरातलीच माणसे असतील. मोबाइल ज्याच्या हातात आहे तोच बहुधा सर्वांची उत्तरे भरील : आईचे काम, पत्नीचे काम, बहिणीचे शिक्षण. स्वयंपाकघरातून मधेच कुणीतरी विचारील, ‘माझे काय लिहिले?’ निदान तेवढ्यापुरता मोबाइल तिच्या हाती देऊन तो रकाना तिलाच भरू द्यावा, आणि ती काय लिहिते ते पाहावे.